फलाविना सिद्धी : द्वंद्वखेळांतील सरावकक्ष आणि विश्रांतीचा प्रश्न

१

'विश्रांती' ही संज्ञा साहित्यविचारात दोन अगदी भिन्न पातळ्यांवर वावरत आली आहे. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या रसमीमांसेत ती आस्वादाच्या परमावस्थेची निदर्शक आहे. चित्त बाह्य विषयांच्या ओढीतून मुक्त होऊन स्वतःच्याच ठायी स्थिरावते, असा तिचा तेथे अर्थ आहे. आधुनिक समीक्षाव्यवहारात मात्र तीच संज्ञा श्रमपरिहार, विरंगुळा, वेळ घालवणे अशा अर्थच्छटांसह येते. आणि जी कृती केवळ विश्रांती देते ती रंजनपर, म्हणून दुय्यम, असे समीकरण सहज गृहीत धरले जाते. या दोन अर्थांमध्ये काही आंतरिक नाते आहे की हे निव्वळ शब्दसाम्य आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारायचा तर असे एखादे उदाहरण हवे की, जेथे विश्रांतीचा अनुभव तर आहे, पण तो श्रमाच्या अभावातून आलेला नाही आणि कोणत्याही प्रतिष्ठित कलाकृतीच्या आस्वादातूनही आलेला नाही.

व्हिडिओ खेळांच्या व्यवहारात असे एक उदाहरण सापडते. 'फायटिंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्वंद्वखेळांत दोन खेळाडू पडद्यावरील दोन पात्रांकरवी एकमेकांशी झुंजतात. या खेळांत 'ट्रेनिंग मोड' किंवा 'प्रॅक्टिस मोड' या नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो. प्रस्तुत विवेचनात त्यास 'सरावकक्ष' म्हटले आहे. खेळाडू आपसात त्याला 'लॅब' म्हणतात. हा विभाग उघडच पूर्वतयारीसाठी आहे. तरीही ज्यांना नजीकच्या काळात कोणाशीही लढायचे नाही असे खेळाडूही तेथे दीर्घकाळ रमतात आणि या वास्तव्याचे वर्णन मन शांत करणारे, थकवा घालवणारे असे करतात. या वर्णनात एक विसंगती आहे. एकच हालचाल शंभर वेळा करणे, सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या अचूकतेची अपेक्षा बाळगणे आणि बहुतेक वेळा फसणे, ही सारी लक्षणे कष्टाची आहेत. मग त्यातून विश्रांती कशी निष्पन्न होते?

या प्रश्नाचे उत्तर श्रम आणि विश्राम या जोडीत सापडत नाही. ते कृतीची सिद्धी आणि कृतीचे फल यांच्यातील भेदात सापडते, असे येथे दाखवावयाचे आहे. मात्र ही विश्रांती निर्वेध नाही. तिच्यासाठी एक किंमत मोजावी लागते, आणि त्या किमतीचा विचार केल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही.

२

सरावकक्षाचा अर्थ त्याच्या अभावाच्या काळाकडे पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. १९९१ साली 'कॅपकॉम' या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ आर्केडमध्ये आला आणि द्वंद्वखेळांचा साचा त्याने बव्हंशी निश्चित केला. आर्केडमधील यंत्र नाण्यावर चालत असे. फेरीच्या आरंभी पडद्यावर ९९ हा आकडा उमटे आणि तो उतरू लागे. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा यंत्रापाशी टिके. हरणाऱ्याने बाजूला व्हावे किंवा नवे नाणे टाकावे. या व्यवस्थेत शिकणे आणि हरणे या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या करता येत नव्हत्या. प्रत्येक प्रयोगाला नाण्याची, वेळेची आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या नजरेची किंमत होती. एका प्रहारात दुसरा प्रहार गुंफून प्रतिस्पर्ध्याला सुटकेची संधीच न देण्याची जी 'कॉम्बो' नामक रीत पुढे या खेळप्रकाराचा कणा ठरली, ती मूळ आराखड्यात योजलेली नव्हती. निर्मितीच्या ओघात ती निर्मात्यांच्या लक्षात आली आणि तशीच राहू देण्यात आली. म्हणजे आर्केडमधील खेळाडू ज्या शक्यतांचा शोध घेत होता त्या निर्मात्यांनीही पुरत्या मोजलेल्या नव्हत्या, आणि हा शोध त्याला भर लढाईतच घ्यावा लागत होता.

खेळ घरात आल्यावर हे अर्थकारण बदलले. एकदा विकत घेतलेला खेळ कितीही वेळा खेळता येऊ लागला आणि मग लढाईपासून शिकणे वेगळे काढणे शक्य झाले. प्लेस्टेशनसाठी १९९६ साली आलेल्या 'टेकन टू'मध्ये सरावाचा विभाग होता. प्लेस्टेशन टूसाठी २००३ साली आलेल्या 'व्हर्च्युआ फायटर फोर : इव्होल्यूशन'ने सरावाला जवळजवळ पाठ्यक्रमाचे स्वरूप दिले. 'स्कलगर्ल्स' (२०१२) या खेळाच्या सरावकक्षात पात्राच्या देहावर रंगीत चौकटी उमटवून कोणता भाग प्रहार करतो आणि कोणता प्रहार झेलतो हे दाखवण्याची सोय आली. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये (२०२३) प्रत्येक हालचालीचा काल फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या, एककात पट्टीवर मांडून दाखवला जातो. लढाईत जे अदृश्य असते ते दृश्य करत जाणे, अशी ही वाटचाल आहे.

आजचा सरावकक्ष म्हणजे बहुधा एक निर्जन, रेघांनी आखलेली जागा. घड्याळाच्या ठिकाणी अनंताचे चिन्ह असते. प्राणशक्तीची पट्टी घटते आणि लगेच पुन्हा भरते. समोर एक पात्र असते, पण ते चालवणारे कोणी नसते. त्याला 'डमी' म्हणतात. त्याने उभे राहावे, बसावे, उडी मारावी की प्रहार अडवावा हे खेळाडूच ठरवतो. आणि एक कळ अशी असते की, ती दाबताच दोन्ही पात्रे मूळ जागी परत येतात, जणू मधले काही घडलेच नव्हते.

३

भरताने नाट्यकार्याच्या पाच अवस्था सांगितल्या : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. द्वंद्वखेळातील सामना या पाचही अवस्थांतून जातो. पहिली चाचपणी, पहिला आघात, विजयाची आशा, तिच्यात येणारा व्यत्यय, मग निर्णय. सामन्याला जे नाट्य लाभते ते या क्रमामुळे. पहिल्या फेरीत केलेली चूक तिसऱ्या फेरीत भोवते. घडलेले पुसता येत नाही. सरावकक्षात या पाचांपैकी केवळ दुसरी अवस्था उरते. तेथे प्रयत्न आहे, पण तो ज्याच्या दिशेने जावा असा फलागम नाही. आणि फलच नसल्याने प्राप्तीची आशा नाही, व्यत्ययाची भीतीही नाही. कथनमीमांसेच्या भाषेत, हे घटनाविहीन कथन आहे. तेथे कृती आहेत, पण कृतीतून स्थित्यंतर होत नाही, आणि स्थित्यंतरावाचून घटना नाही.

परंतु फल नाही याचा अर्थ यशापयश नाही, असा होत नाही. येथेच एक भेद करणे अगत्याचे आहे. 'टेकन' मालिकेतील मिशिमा घराण्याच्या पात्रांपाशी 'इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट' नावाचा प्रहार आहे. जॉयस्टिक पुढे ढकलायची, मोकळी सोडायची, खाली ओढायची आणि मग खाली-पुढे या तिरप्या दिशेला नेतानाच, नेमक्या त्याच फ्रेमला, ठोशाची कळ दाबायची. हे साधले तर मुठीभोवती वीज चमकते. कळ एका फ्रेमने जरी उशिरा दाबली गेली तरी तोच ठोसा विजेविना, सामान्य रूपात निघतो. या दोन परिणामांमध्ये मधले काही नाही, आणि यंत्राच्या निवाड्यात पक्षपाताला जागा नाही. म्हणजे सरावकक्षात प्रत्येक कृती सिद्ध होते किंवा असिद्ध राहते. पण सिद्ध झाल्याने काही मिळत नाही आणि असिद्ध राहिल्याने काही जात नाही. सिद्धी ही कृतीच्या अंतर्गत असते. फल हे कृतीच्या बाहेर असते. व्यवहारात आणि सामन्यातही ही दोन इतकी एकवटलेली असतात की, त्यांच्यातील फट सहसा दिसत नाही. सरावकक्ष ती फट उघडी करतो. म्हणूनच या अनुभवाला घाईने निष्काम कर्माचे नाव देणे योग्य नव्हे. खेळाडूला वीज हवीच असते. ती चमकल्यावर पुढे काय, एवढाच प्रश्न तेथे नसतो.

खेळाच्या सिद्धांतनांतही या भेदाची चाहूल लागते. हुइझिंगाने 'होमो लुडेन्स'मध्ये (१९३८) खेळाचे एक लक्षण म्हणून अनिश्चिततेतून येणारा ताण सांगितला आहे. येस्पर यूल याने 'हाफ-रिअल'मध्ये (२००५) रूढ खेळाची जी व्याख्या केली तीत परिणाम बदलता असणे, परिणामांना इष्ट-अनिष्ट मूल्ये असणे आणि खेळाडूचे मन परिणामात गुंतलेले असणे या अटी आहेत. या निकषांवर सरावकक्ष हा खेळच ठरत नाही. तो खेळाच्या आत असलेला खेळेतर प्रदेश ठरतो. रोजे काय्वा याची मांडणी अधिक उपयोगी आहे. १९५८ च्या आपल्या ग्रंथात त्याने स्पर्धातत्त्वापासून 'लुडुस' वेगळे काढले. प्रतिस्पर्ध्यावर नव्हे तर अडथळ्यावर मात करण्यातले, स्वतःहून ओढवून घेतलेल्या अवघडपणातले सुख म्हणजे लुडुस. यो-योसारख्या खेळण्यात ते दिसते. या दृष्टीने सरावकक्षात प्रतिस्पर्धी हाच अडथळ्यात रूपांतरित होतो. स्पर्धेची सगळी सामग्री कायम राहते आणि स्पर्धा तेवढी निघून जाते.

येथे मराठी वाचकास रियाजाची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य आहेच, पण भेदही महत्त्वाचा आहे. रियाजात एखादा पलटा विलंबित लयीत घोटून मग द्रुतात नेता येतो. संथपणे घेतलेला पलटाही पलटाच असतो. द्वंद्वखेळात ठरावीक अवधीच्या बाहेर केलेली हालचाल यंत्र ओळखतच नाही. ती वेगळीच कृती होते किंवा कोणतीच होत नाही. येथली लय साधकाने निवडलेली नसते, ती दिलेली असते. प्रत्येक आघाताच्या क्षणी दोन्ही पात्रे काही फ्रेम गोठतात आणि पुन्हा चालू होतात. कॉम्बोची लय या सूक्ष्म विरामांची बनलेली असते आणि खेळाडूची बोटे ती कवितेतील यतीप्रमाणे लक्षात ठेवतात. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल या लयी पाहिल्या. सरावकक्षातील लय अशी प्रेक्षकाने न्याहाळण्याची नसून देहाने धारण करण्याची आहे. पण आशयाचा भार उतरल्यावर रूप स्वतःच्या बळावर चित्ताला धरून ठेवू शकते का, हा मर्ढेकरांच्या विचाराला भिडणारा प्रश्न येथेही उभा राहतो.

४

पुनरावृत्तीत शांती का वाटावी, याचे एक प्रसिद्ध उत्तर फ्रॉइडने दिले आहे. 'सुखतत्त्वाच्या पलीकडे' या १९२० च्या ग्रंथात त्याने दीड वर्षाच्या एका मुलाचा खेळ नोंदवला आहे. दोरा बांधलेली लाकडी रीळ ते मूल दिसेनाशी होईल अशी फेकत असे आणि पुन्हा ओढून आणत असे. आईचे जाणे त्याच्या हातात नव्हते. रिळीचे जाणे-येणे हातात होते. जे सोसावे लागले ते स्वतः घडवून आणल्याने सोसणारा कर्ता होतो, असे त्या खेळाचे एक स्पष्टीकरण फ्रॉइडने मांडले.

सरावकक्षातील एक सोय या वर्णनाला आश्चर्यकारकरीत्या जुळते. डमीच्या हालचाली ध्वनिमुद्रणाप्रमाणे नोंदवून ठेवता येतात आणि हव्या तितक्या वेळा पुन्हा चालवता येतात. सामन्यात ज्या डावाने पराभव झाला तो डाव खेळाडू प्रथम स्वतः डमीच्या वतीने खेळतो, नोंदवतो आणि मग आपल्या पात्राकडे परत येऊन त्याला तोंड देतो. पराभवाचा कर्ता आणि भोक्ता या दोन्ही भूमिका तो आळीपाळीने करतो. दहाव्या किंवा चाळिसाव्या वेळी उत्तर सापडते. तोवर त्या डावातला दंश नाहीसा झालेला असतो, कारण जो डाव मूळ जागी अपमान होता तो आता केवळ एक आकृतिबंध असतो.

हे स्पष्टीकरण समर्पक असले तरी अपुरे आहे. जखम भरून काढण्यासाठी केलेली पुनरावृत्ती जखम भरताच थांबावयास हवी. पण सरावकक्षात अशीही पुनरावृत्ती चालते जिच्यामागे कोणताही पराभव नाही. उत्तम येणारी, वर्षानुवर्षे हातात मुरलेली हालचाल खेळाडू पुन्हा पुन्हा करत राहतो. तिच्यात शिकण्यासारखे काही उरलेले नसते आणि भरून काढण्यासारखेही काही नसते. विश्रांतीचे वर्णन खरे तर या पुनरावृत्तीला अधिक लागू पडते. तेव्हा उपचाराचे तत्त्व या अनुभवाच्या दारापर्यंत नेते. आतले उलगडून दाखवत नाही.

५

या टप्प्यावर एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. अडोर्नोने 'मोकळा वेळ' या १९६९ च्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, मोकळा वेळ हा श्रमाच्या वेळेचीच सावली असतो. श्रमाने जे घडवले तेच माणूस छंदाच्या नावाने पुढे चालवतो. या दृष्टीने पाहता सरावकक्ष हे जणू आक्षेपाला पुरावा म्हणूनच निर्माण झालेले स्थळ वाटते. टेलरने १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापना'ची तत्त्वे मांडली. कामगाराच्या हालचालीचे घटक पाडून प्रत्येक घटकाचा वेळ घड्याळाने मोजणे हा त्या पद्धतीचा गाभा होता. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ यांनी त्यासाठी चलच्चित्राचा उपयोग केला. द्वंद्वखेळातील फ्रेमची कोष्टके यांपासून फार दूर नाहीत. प्रत्येक प्रहाराचे आरंभ, प्रभाव आणि प्रत्यागमन असे तीन भाग पाडलेले असतात आणि प्रत्येकाचा काल दिलेला असतो. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मधील सर्वांत जलद साधा ठोसा चौथ्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात, प्रभावी होतो. कार्यालयातून थकून आलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या बोटांचे काळमापन करत बसतो आणि त्याला विश्रांती म्हणतो. यापरते परात्मतेचे दुसरे उदाहरण कोणते, असे अडोर्नोचा अनुयायी विचारू शकेल.

या आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मापनाचे रूप सारखे असले म्हणून मापनाचा संबंध सारखा होत नाही. कारखान्यात मोजणारा एक आणि मोजला जाणारा दुसरा असतो. वाचलेला क्षण मोजणाऱ्याच्या खाती जमा होतो. आणि कालच्या वेगाचे आज किमान प्रमाण होते. सरावकक्षात मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असतो, वाचलेला क्षण कोणाच्याही खाती जमा होत नाही, आणि परत आणणारी कळ दाबताच मागचा हिशेब पुसला जातो. श्रमाची शिस्त तेथे आहे, पण उत्पादन नाही. ज्याला दिवसभर फलाचा जाब द्यावा लागतो आणि सिद्धीचे समाधान क्वचितच लाभते, कारण त्याच्या वाट्याला आलेले काम त्याने पूर्ण केले असे सहसा होतच नाही, त्याला सिद्धी नि फल यांची फारकत सुखाची वाटावी हे समजण्याजोगे आहे. तेव्हा सरावकक्षातील विश्रांती ही श्रमाची निव्वळ सावली नव्हे. श्रमातून हरवलेल्या एका अंगाची ती भरपाई आहे. भरपाई म्हणजे मुक्ती नव्हे, हेही लगेच म्हटले पाहिजे. आणि क्रमवारीच्या आकड्यांनी बांधलेले आंतरजालावरील सामने एका कळीच्या अंतरावर असताना, फलाचा हिशेब सरावकक्षाच्या दारात सदैव उभा असतो, ही अडोर्नोच्या बाजूची गोष्टही विसरता येत नाही.

६

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे; विघ्ने दूर झालेली प्रतीती हेच रसाचे स्वरूप. त्या विघ्नांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. स्वतःच्या लाभहानीत बुडालेले चित्त समोरच्या वस्तूत विश्रांत होऊ शकत नाही. सामना खेळणारा खेळाडू नेमका या विघ्नाने ग्रस्त असतो. आपण उत्तम खेळतो आहोत की नाही, हे पाहण्याइतकीही उसंत त्याला जय-पराजयाची चिंता देत नाही. सरावकक्ष हे विघ्न दूर करतो. एवढ्यापुरता प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन अर्थांमध्ये सेतू बांधता येतो. श्रमपरिहार म्हणून जी विश्रांती ओळखली जाते तिच्या आतही, काही वेळा, स्वतःच्या लाभहानीपासून सुटलेल्या चित्ताचे स्थिरावणे असते.

पण सेतू येथवरच जातो. रसविचारातील विश्रांती साधारणीकरणातून येते. स्वतःपण मावळते आणि दुसऱ्याचे भाव आस्वाद्य होतात. सरावकक्षात स्वतःपण मावळते खरे, पण दुसरा कोणी नसतोच. डमीला देह आहे, इच्छा नाही. विघ्न दूर करण्यासाठी येथे ज्याच्यापासून विघ्न संभवते तो 'अन्य'च दूर केलेला आहे. हीच ती किंमत.

या किमतीचे स्वरूप एका ऐतिहासिक उदाहरणाने स्पष्ट होईल. २००४ साली कॅलिफोर्नियात झालेल्या 'इव्हो' या स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' या खेळात दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना झाला. उमेहाराच्या पात्राची प्राणशक्ती जवळजवळ संपली होती. वाँगचा महाप्रहार केवळ अडवला असता तरी तो हरला असता. या खेळात 'पॅरी' नावाची एक क्रिया आहे : आघाताच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलली तर काहीही हानी होत नाही. उमेहाराने महाप्रहाराचे पंधराही आघात एकामागून एक असे परतवले आणि प्रतिप्रहार करून सामना जिंकला. त्या प्रसंगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या स्पर्धेचे विजेतेपद मात्र उमेहाराला मिळाले नाही, आणि ते कोणाला मिळाले हे आज फार थोड्यांना आठवते. फल विस्मृतीत गेले, सिद्धी स्मरणात राहिली.

२०११ साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा हा प्रसंग तीत एका सराव-आव्हानाच्या रूपाने समाविष्ट झाला. एकदाच घडलेली घटना कोणालाही कितीही वेळा करता येईल असा पाठ झाली. या रूपांतरात काय टिकले आणि काय गळले? पंधरा आघातांची लय टिकली, बोटांची हालचाल टिकली. गळले ते वाँगचे मन. महाप्रहार येणारच हे उमेहाराला ठाऊक नव्हते. वाँग आता काय करील याचा अंदाज बांधून, प्रहार दिसण्याआधीच त्याला पहिले पाऊल टाकावे लागले. आव्हान सोडवणाऱ्याला महाप्रहार येणार हे आधीच ठाऊक असते. उमेहाराची कृती हे एका माणसाने दुसऱ्या माणसाचे केलेले वाचन होते. आव्हानात ते लिपीचे गिरवणे होते. गिरवण्यात विश्रांती आहे. वाचनात धोका आहे, कारण वाचले जाणारे मन वाचणाऱ्यालाही वाचत असते.

तथापि गिरवण्याला जी गोडी आहे ती त्या मूळ वाचनामुळेच. ज्याने तो प्रसंग कधी पाहिला नाही त्याला आव्हानातील पंधरा हालचाली म्हणजे निरर्थक कवायत वाटेल. हेच सर्व सरावकक्षाला लागू आहे. रेघांनी आखलेल्या त्या निर्जन जागेतील प्रत्येक हालचाल कोणा अनुपस्थित प्रतिस्पर्ध्याला उद्देशून असते. तो खरोखर येण्याची गरज नाही. पण तो येऊ शकला असता, ही शक्यता नाहीशी झाली की हालचाल केवळ बोटांची हालचाल उरते. सरावकक्षातील विश्रांती अन्याला वगळून मिळते आणि अन्याच्या सावलीवरच जगते.

७

या विवेचनाचा साहित्यविचाराला असा काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. वाङ्मयीन व्यवहारात सरावकक्षाला सर्वांत जवळची असणारी क्रिया म्हणजे पुनर्वाचन. कादंबरी दुसऱ्यांदा, पाचव्यांदा वाचणाऱ्याला फलागम ठाऊक असतो. त्याची उत्कंठा शमलेली असते. पाठ असलेली कविता मनाशी म्हणणाऱ्याला पुढची ओळ कोणती याचे कुतूहल नसते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, ओळीचे वळण, यतीची जागा, वाक्याचा तोल यांकडे त्याचे चित्त मोकळेपणाने जाऊ शकते. बार्थने 'एस/झेड'मध्ये (१९७०) पुनर्वाचनाची बाजू घेतली ती, एकदा वाचून टाकून देण्याच्या बाजारी सवयीच्या विरोधात. या युक्तिवादाला येथे एक पुस्ती जोडता येईल. पुनर्वाचन जसे संहितेची बहुविधता उघडते, तसेच ते वाचकाला विश्रांतीही देते. आणि ही विश्रांती आळसाची नसून फलाच्या धाकातून सुटलेल्या अवधानाची असते. रूपनिष्ठ समीक्षेने या अवधानाचा गौरव केला, पण त्यातील विश्रांतीचा अंश तिने कधी उघडपणे मान्य केला नाही. तो मान्य केला तर समीक्षा विरंगुळ्याच्या पंक्तीला जाऊन बसेल, अशी धास्ती त्यामागे असावी.

परंतु सरावकक्षाने दाखवलेली किंमत पुनर्वाचनालाही लागू पडते. आवडीच्या संहितेकडे पुन्हा पुन्हा जाणारा वाचक तिला हळूहळू डमीचे रूप देण्याचा संभव असतो : ती ठरल्या जागी उभी राहते, ठरलेला प्रतिसाद देते, आणि वाचकाने आधीच नोंदवलेली हालचाल त्यालाच परत करते. संहिता जोवर वाचकाला अनपेक्षित उत्तर देऊ शकते तोवर ती संहिता असते. पुढे ती आखलेली रिकामी जागा होते. या दोहोंमधील सीमा वस्तूत आखलेली नसते. तोच सरावकक्ष एका खेळाडूला उद्याच्या भेटीसाठी मोकळे करतो आणि दुसऱ्याला भेटीपासून कायमचा लपवतो. तीच कविता एकाला ऐकू येत राहते आणि दुसऱ्याला केवळ पाठ असते.

तेव्हा विश्रांती मिळाली की नाही, एवढ्यावर आस्वादाची परीक्षा करणे पुरेसे नाही. चित्त विश्रांत झाले ते कोणाच्या सान्निध्यात, आणि तेथे अन्याला परत येण्याची वाट मोकळी आहे की नाही, हेही विचारावे लागेल. हा प्रश्न विचारला म्हणजे 'विश्रांती'चे दोन अर्थ उच्च आणि नीच अशा उतरंडीवर ठेवण्याची गरज उरत नाही. एकाच अनुभवाच्या त्या दोन शक्यता ठरतात, आणि प्रतिष्ठित कलाकृतीपुढे बसलेल्या रसिकालाही त्यांतून आपसूक सूट मिळत नाही.